घराखालून जाणारी विहीर

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. माझ्या नोकरीत माणूस दिवसातून दोनदा तरी भर रस्त्यात पालथा पडतो आणि आठही अंगांना माती लागते. त्यातला कालचा दुसरा तुमच्या नावे धरावा.) पत्र लिहिण्यास कारण की, कारण काहीच नाही. सहज आठवण आली, कागद हाताशी होता आणि रविवार काही केल्या संपत नव्हता. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही 'बरा आहे' एवढंच लिहिलं होतंत. तुम्ही 'बरा आहे' लिहिलंत की मला काळजी वाटते, कारण दादाबद्दल विचारलं तरी तुम्ही गेली तीस वर्षं 'बरा आहे' असंच म्हणत आला आहात. जिन्याची चौथी पायरी अजून करकरते का? मांजराने पुन्हा दुकानातल्या चष्म्यांच्या खोक्यात पिल्लं घातली का? दादाला माझा नमस्कार सांगू नका. सांगितलात तर तो चष्मा कपाळावर चढवून 'कुणाचा?' असं विचारेल, आणि तुम्हाला धड खोटं बोलता येत नाही. मी इकडे अगदी मजेत आहे.

मजेत म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. खोली झकास आहे. खाली छत्र्यांचं बंद पडलेलं दुकान, वर मी. एक खिडकी, एक खुर्ची, एक खाट. पाहुणा आला तर कुणी कुठे बसायचं हा प्रश्न चार महिन्यांत एकदाही आला नाही, इतकी सोय आहे. घरमालक सज्जन गृहस्थ असावेत; 'असावेत' म्हणतो कारण मी त्यांना पाहिलेलं नाही. ते दाराखालून चिठ्ठ्या सरकवतात. 'बूट बाहेर काढावेत.' 'नळ घट्ट बंद करावा.' मागच्या आठवड्यात मी एका चिठ्ठीच्या पाठीवर 'आपली तब्येत कशी आहे?' असं लिहून ती परत खाली सरकवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'नळ घट्ट बंद करावा.' बाकी घरात बोलाचाली भरपूर असते. रोज सकाळी मला कामाचे दोन्ही वायरलेस तपासून घ्यावे लागतात. एक डाव्या हातात, एक उजव्या. डाव्यात मी विचारतो, 'ऐकू येतंय का?' आणि उजव्यातून माझाच आवाज मला विचारतो, 'ऐकू येतंय का?' मग मी उजव्यात सांगतो, 'येतंय, येतंय.' असं आमचं दोघांचं बरं चाललं आहे.

तुम्ही मागे विचारलं होतंत की भावजी, तुम्ही हल्ली नक्की करता तरी काय. आडव्या विहिरी खणतो. हसू नका. इथे एका गल्लीच्या तोंडाशी पूर्वी मोठी लाँड्री होती, पाण्याऐवजी औषधाने कपडे कोरडेच धुणारी. वापरून उरलेलं औषध ते लोक मागच्या अंगणात ओतून मोकळे व्हायचे. ओतणारे गेले, लाँड्री गेली, औषध मात्र गेलं नाही. ते मुरत मुरत खालच्या पाण्याला जाऊन मिळालं आणि तीस वर्षांत गल्लीतल्या अकरा घरांखाली पसरलं. वरून बघाल तर काय छान गल्ली, कुंड्या काय, पडदे काय. खाली मात्र सगळं नासलेलं. आता ते काढायचं कसं? सरळ उभी विहीर खणावी तर ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून खणावी लागेल, आणि लोक म्हणतात, घाण राहू द्या पण ओटा फोडू नका. म्हणून मग गल्लीच्या एका टोकाच्या मोकळ्या जागेत मशीन लावायचं, तिरकं खाली शिरायचं, सहा मीटर खोल गेलं की आडवं व्हायचं आणि सगळ्या घरांखालून जाऊन पलीकडच्या मैदानात वर यायचं. त्या भोकातून बारीक चिरा असलेला पाइप ओढून घ्यायचा, त्याला पंप जोडायचा, आणि खालची विषारी हवा नि पाणी हळूहळू ओढून कोळशाच्या टाकीतून गाळत राहायचं. पंप तीन तीन, चार चार वर्षं चालतो. आमचे साहेब लोकांना समजावतात की इतक्या वर्षांचं मुरलेलं एका दिवसात निघत नसतं, पण घर न पाडता निघतं. साहेबांचं हे वाक्य मला आवडतं. (साहेबांचं आवडणारं हे एकच.)

यात माझं काम चालण्याचं. जमिनीखाली भोक पाडत जाणाऱ्या त्या टोकाला आम्ही घूस म्हणतो. घुशीच्या डोक्यात बॅटरीवर चालणारी वीतभर लांबीची एक नळी बसवलेली असते, तिला म्हणायचं शिट्टी. ती माणसाला ऐकू येत नाही पण एकसारखी खूण देत राहते. आणि माझ्या हातात दांड्याला लावलेला एक डबा असतो, त्याचं नाव कान. कानाला शिट्टी ऐकू आली की तो घूस कुठे आहे आणि किती खोल आहे ते सांगतो. घूस खाली चालते, मी वर चालतो, आणि मशीनवाल्याला वायरलेसवर कळवतो: पुढे, थांब, जरा डावीकडे. मशीनवाल्याला सगळे गुपचूप म्हणतात, यावरून तो काय चीज आहे ते ओळखा. दिवसभरात तो माझ्याशी तीन शब्द बोलतो. 'पुढे?', 'थांबू?' आणि संध्याकाळी 'झालं.' लोकांना वाटतं हा माणूस रस्त्याला इस्त्री करतोय. एका बाईंनी तर मला खाली वाकलेला बघून, काय हरवलंय, म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, सापडलं की सांगतो.

आता मुख्य फजिती. सात नंबरच्या घरात एक शिंपीणबाई राहतात. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीशी बिनडोक्याचा लाकडी पुतळा, तोंडात कायम चार टाचण्या. त्या टाचण्यांसकट बोलतात, आणि गिऱ्हाईकाचा जीव टांगणीला लागतो. आपल्या घराखालून घूस जाणार याचं त्यांना भारी कौतुक. रोज खिडकीतून विचारायच्या, 'आता कुठवर आलीय?' जणू काही माहेरवाशीण यायची आहे. त्या मंगळवारी सकाळी मी नियमाप्रमाणे जादाची शिट्टी तपासत होतो. जादाची एक कायम बरोबर ठेवतात. तिला बटण नसतं; बॅटरी घातली की ती सुरू, काढली की बंद. तपासून झालं की बॅटरी काढायची आणि पेटीत ठेवायची, हे इतकं ठरलेलं आहे की वीस वर्षांत माझ्या हातून कधी चुकलं नाही. तेवढ्यात खिडकीतून बाई म्हणाल्या, 'अहो, या की आत. बसा. चहा टाकलाय.'

वहिनी, तुम्हाला खोटं वाटेल, पण 'या, बसा' हे दोन शब्द मी चार महिन्यांत पहिल्यांदा ऐकले. त्या दोन शब्दांनी माझं डोकंच चालेनासं झालं. हातातली शिट्टी तशीच, बॅटरीसकट, कोटाच्या खिशात कोंबली आणि बूट काढून (कुणीही चिठ्ठी न लिहिता) आत जाऊन बसलो. चहा आल्याचा होता. खुर्च्या दोन होत्या. बाईंनी विचारलं, घरी कोण कोण? आणि माझी जीभ अशी काही सुटली की विचारू नका. म्हटलं, थोरला भाऊ आहे, चष्म्यांचं दुकान आहे त्याचं, वहिनी आहे, मांजर आहे. भाऊ दर रविवारी फोन करतो. गेल्या रविवारी तर आम्ही तासभर बोलत होतो. काय बोललो तेही मी सविस्तर सांगितलं. दादा फार विनोदी बोलला होता.

तर असा मी चहा पिऊन, गप्पा मारून, खुशीत बाहेर आलो आणि गुपचूपला म्हटलं, पुढे. कान जमिनीजवळ नेला आणि बघतो तर काय. खोली एक मीटर! सहाच्या जागी एक! म्हणजे घूस फिरून वर यायला लागली होती आणि बरोबर बाईंच्या उंबऱ्याखाली होती. आणखी पाच मिनिटांत तिने शिलाई मशीनखालून डोकं वर काढलं असतं. मी 'थांब! थांब!' म्हणून ओरडलो आणि घरात शिरून सगळ्यांना बाहेर काढलं. सगळे म्हणजे बाई, त्यांचा पुतळा (तो त्यांनी सोडला नाही), आणि मी उठल्यावर माप द्यायला आलेले एक ढेरपोटे गृहस्थ, ज्यांच्या पँटचा एक पाय टाचण्या लावून दुमडलेला होता आणि दुसरा जमिनीवर लोळत होता. हे गृहस्थ कुठल्याशा कचेरीत मोठे अधिकारी आहेत असं नंतर कळलं. तेव्हा मात्र ते एका पायावर उड्या मारत होते.

मी पुन्हा कान लावला. घूस रस्त्यावर आली होती. बरोबर माझ्या पायाशी, एक मीटर. मी दहा पावलं मागे सरलो, तीही दहा पावलं मागे सरली. मी रस्ता ओलांडला, तिने ओलांडला. मी ओरडलो, अरे बंद कर मशीन, ही माझ्या मागे लागलीय! आजूबाजूची दारं उघडली. माणसं लांब पळायला लागली, कारण मी ज्याच्याकडे जाईन त्याच्याकडे घूस येत होती. एका घरासमोर स्टूल होतं, त्यावर चढलो आणि कानाचा दांडा खाली सोडायच्या ऐवजी घाबरून वरच धरला. तरी एक मीटर! म्हणजे माझ्याबरोबर तीही वर चढली होती. घामाने माझा चष्मा धुकटून गेला. मी वायरलेसवर गुपचूपला शिव्या द्यायला लागलो, आणि तेव्हा त्या माणसाने चार महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं: 'अहो, तुम्ही थांब म्हणालात तेव्हाच मशीन बंद केलं, मी पाव खातोय.'

मी स्टुलावर उभा. शिंपीणबाई पुतळ्याला बगलेत मारून माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे कसल्या, माझ्या कोटाकडे. त्या तरातरा आल्या आणि म्हणाल्या, 'खिशात एवढं वजन घालतात का? सगळी शिवण उसवलीय.' आणि हात घालून शिट्टी बाहेर काढली.

गल्लीने हसायला सुरुवात केली ती थांबेचना. अधिकारी गृहस्थ तर टाचण्या टोचत असूनही हसत होते. मीही हसलो. हसतच होतो, आणि बाई हळूच म्हणाल्या, 'म्हणजे इतका वेळ तुम्ही स्वतःच्याच मागावर होता की हो.' मग मात्र मला हसता येईना. मला त्यांनी आत नेऊन खुर्चीत बसवलं, कोट उतरवून घेतला, खिसा शिवला, दोन बटणं लावली, आणि वर मान न करता म्हणाल्या, 'भावाचा फोन येतो म्हणालात ना रविवारी? त्याला सांगा हे. पोट धरून हसेल.' मी म्हटलं, सांगतो.

खरी घूस बिचारी चार नंबरच्या घराखाली, सहा मीटरवर, जिथे असायला हवी तिथेच गप बसून होती. पुढचे तीन दिवस काम सुरळीत झालं आणि काल दुपारी ती मैदानात वर आली. जिथे यायची तिथे आम्ही आधी एक छोटं लाल निशाण रोवून ठेवतो. माती हलली, फुगली, आणि निशाणापासून फक्त चार बोटांवर तिने डोकं बाहेर काढलं. एकशे ऐंशी मीटर जमिनीच्या पोटातून, अकरा घरांखालून, कुणाच्या कपातला चहा न हिंदकळवता, आणि चूक चार बोटं! वहिनी, माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात नेमकं काम. मैदानात मी आणि एक कुत्रा. मी वायरलेसवर म्हटलं, वर आली. गुपचूप म्हणाला, 'झालं.' कुत्रा निशाणावर पाय वर करून निघून गेला.

पूर्वी काय व्हायचं, आठवतं ना? घूस वर आली की मी कुठूनही दुकानात फोन करायचो. दादा नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारायचा, 'किती चुकलास?' मी म्हणायचो, वीतभर. तो म्हणायचा, 'गाढवा, माझ्या कामात केसभर चुकलं तर माणूस खड्ड्यात जातो.' आणि मग फोनवरून तुम्हाला ओरडून सांगायचा, ऐकलंस का, वीतभरच चुकलाय! काल मी मैदानात फोन हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. बोटाला नंबर पाठ आहे, बोट दाबत नाही.

सहा वर्षांपूर्वी आई गेली त्या दिवसाचं तुम्हाला ठाऊकच आहे, पण तुम्ही तेव्हा आतल्या खोलीत होतात, तुम्ही फक्त दार आपटलेलं ऐकलंत. चिखलाचे बूट घालून मी दारात उभा राहिलो तेव्हा दादा म्हणाला, 'तुला जमिनीखालचं दिसतं, घरातलं दिसत नाही.' आणि मी त्याला म्हटलं, मग तूच बघत बस, दुकानभर काचा आहेत तुझ्याकडे. आईच्या दारात उभा राहून बोललो हे. आईचं काही खरं नाही, या त्याच्या फोननंतर मी दोन दिवसांनी आलो होतो. मी सगळ्यांना सांगत आलो की पाइप ओढायला घेतला की मध्ये थांबवता येत नाही, भोक खचतं, महिन्याचं काम मातीत जातं. ते खरंच आहे. पण दुसरं कुणी माझ्या जागी कान धरून चाललं असतं तर पाइप थांबवायची गरजच नव्हती. तसा एक माणूस होता तिथे, रिकामा. मी त्याला विचारलंच नाही. मला वाटलं, आई थांबेल. ती नेहमी थांबायची माझ्यासाठी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्या दोन वायरलेसनाही नाही.

असो. पाल्हाळ फार झालं, तुमचा गुडघा हे वाचूनसुद्धा दुखायला लागला असेल. कळावे म्हणून लिहायचं तर आता कळायचं काही उरलेलं नाही. तुमचा लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तो दादाला सुगावा लागू न देता असाच चालू ठेवावा. मांजराला कुरवाळणे.

तुमचा,
एकुलता एक दीर

ता. क. राहूनच गेलं. पुढच्या महिन्यात आमचं काम तुमच्याच गावात आहे. तुमच्या मागच्या बाजूला जुनी रंगाची फॅक्टरी आहे ना, तिथून आडवी विहीर जायची आहे आणि ती तुमच्या घराखालून, साधारण दादाच्या आरामखुर्चीखालून जाईल असा अंदाज आहे. त्यासाठी घरमालकाची परवानगी लागते. सोबत कागद जोडला आहे, त्यावर दादाची सही हवी. काळजीचं काही नाही, खुर्ची हलणारसुद्धा नाही. सही मात्र आमच्या माणसासमोरच व्हावी लागते, असा नियम आहे. आमचा माणूस येत्या शनिवारी चार वाजता येईल. तो माणूस मी आहे.

ता. क. दुसरा. आलोच आहे तर डोळेही तपासून घ्यावेत म्हणतो. सहा वर्षं दादाने केलेलाच चष्मा लावतोय, डावी काडी दोऱ्याने बांधली आहे. इथल्या चष्मेवाल्याने नंबर वाढलाय म्हणून सांगितलं, पण दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायला मन होत नाही. शिवाय डोळे तपासताना त्याला माझ्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं, आणि हे अक्षर दिसतं का, आता दिसतं का, असं विचारावंच लागतं. दहा मिनिटं तरी लागतात.

ता. क. तिसरा, आणि हा दादाला दाखवू नका. कागद फाडून टाका. तो मीच लिहिलाय, नियमही मीच केलाय. विहीर तुमच्या घराखालून जात नाही. नकाशावर पट्टी ठेवून तीनदा मोजलं, लांबूनच जाते. शनिवारी दार तेवढं उघडं ठेवा. आणि मी आत यायच्या आधी दादाने विचारलंच, की किती चुकला, तर त्याला सांगा: घरापासून दोनशे चाळीस पावलं, आणि वर सहा वर्षं.